गल्ला ७८ हजार, तरी बारा हजारांचा खड्डा: दिवाळी प्रदर्शनात स्टॉल घेण्याआधी हा हिशोब करा



पाऊस सुरू झाला की माझ्या फोनवर एकच प्रश्न यायला लागतो. "ताई, दिवाळीच्या मोठ्या प्रदर्शनात स्टॉल घेऊ का? पैसे आत्ताच भरायला सांगतायत." व्हिडिओत मी स्टॉलची मांडणी दाखवली होती. पण आकडे व्हिडिओत सांगितले की ते ऐकून विसरले जातात. म्हणून आज सगळं लिहूनच देतेय. वही-पेन घेऊन बसा.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करते.

पहिलं प्रदर्शन

माझं साताऱ्यात छोटं दुकान आहे. कापडी आकाशकंदील, तोरणं, बटवे आणि गोधड्या. पहिल्यांदा पुण्यातल्या एका मोठ्या दिवाळी प्रदर्शनात स्टॉल घेतला तेव्हा आम्ही दोन महिने आधी कामाला लागलो होतो. शेजारच्या दोन काकू मजुरीवर शिवायच्या आणि आई रोज दुपारी जेवणं आटोपली की चार तास बसायची. गोधडीचा धावदोरा तिच्याच हातचा. मशीनवर तसा येत नाही.

गुरुवार ते रविवार असे चार दिवस प्रदर्शन होतं. रविवारी रात्री मावशीच्या घरी बसून गल्ला मोजला. रोख आणि ऑनलाइन मिळून ७८,४०० रुपये! आयुष्यात चार दिवसांत एवढे पैसे कधी बघितले नव्हते. आईला फोन केला. तिनं विचारलं, "बरं गेलं ना गं?" मी म्हटलं, "एकदम छान गेलं."

मग घरी येऊन हिशोब मांडला.

स्टॉलचं भाडं १८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४०. टेम्पो जाऊन-येऊन ५,५००. मावशीकडे राहिलो म्हणून राहण्याचा खर्च नाही, पण दोघींचं जेवण आणि रिक्षा २,८००. जादा टेबल, दिवे, मागचा पडदा यांचं भाडं ३,२००. पिशव्या, कार्ड, बिलबुक २,२६०. एकूण ३५,०००.

विकलेल्या मालाचं कापड, दोरा, तार वगैरे २७,६००. काकूंची मजुरी ९,४००. उरले किती? ६,४००.

थांबा, अजून संपलं नाही. ३४ आकाशकंदील परत आले होते. दिवाळी झाल्यावर आकाशकंदील कोण घेणार? एकाला कच्चा माल १२० रुपयांचा, म्हणजे ४,०८० रुपये माळ्यावर गेले. उरले २,३२०.

आणि आई? दोन महिने, रोज चार तास, म्हणजे २४० तास. २,३२० भागिले २४०. ताशी दहा रुपयेसुद्धा नाहीत.

काकूंना आम्ही ताशी ६० रुपयांच्या हिशोबानं देतो. त्याच दरानं आईचे १४,४०० झाले असते. म्हणजे खरं बघितलं तर त्या प्रदर्शनात १२,०८० रुपयांचा तोटा झाला होता. तो तोटा माझ्या आईनं भरला, आणि मी तिला विचारलंही नव्हतं.

मी बीबीए केलंय. ब्रेक-इव्हनची गणितं पेपरात अचूक सोडवलीत. पण त्या गणितात घरच्या माणसाची मजुरी कुठे लिहायची हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नाही. घरची बाई घरात बसून शिवते म्हणजे ते फुकट, असंच डोक्यात होतं. आज माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ जणींच्या वहीत हाच रकाना कोरा असतो. म्हणून आधी हा रकाना भरा.

शंभरातले किती उरतात?

आता तुमच्या वस्तूंचा हिशोब करू. १०० रुपयांच्या विक्रीत कच्चा माल किती आणि मजुरी किती, ते लिहा. मजुरीत सगळ्यांची धरायची: काकूंची, आईची, तुमची स्वतःची. जे उरतं त्यातूनच स्टॉलचा खर्च निघणार असतो.

माझं त्या वर्षी असं होतं: माल ३५, मजुरी ३०, उरले ३५. स्टॉलचा एकूण खर्च ३५,०००. मग खर्च निघायला विक्री किती हवी? ३५,००० भागिले ३५, गुणिले १००. बरोब्बर एक लाख. आणि मी ७८ हजारांवर पेढे वाटायला निघाले होते!

हाच आकडा आता बिलांमध्ये बदला. माझी चार दिवसांत २१४ बिलं झाली होती, म्हणजे एक बिल सरासरी ३६६ रुपयांचं. एक लाखासाठी २७३ बिलं लागली असती. प्रदर्शन सकाळी ११ ते रात्री ९, चार दिवसांचे ४० तास. म्हणजे दर नऊ मिनिटांना एक बिल, तेही न थांबता, जेवायच्या वेळेला आणि गुरुवारच्या रिकाम्या दुपारीसुद्धा.

स्टॉलचे पैसे भरण्याआधी हे एवढं एकच गणित करा. "दर किती मिनिटांना एक बिल?" उत्तर बघून पोटात गोळा आला तर तीन वाटा आहेत: खर्च कमी करा, सरासरी बिल वाढवा, नाहीतर हे प्रदर्शन सोडा.

आणि जीएसटीची नोंदणी नसेल तर भाड्यावरचा १८ टक्के कर तुम्हाला परत मिळत नाही. तो सरळ खर्चात धरायचा. आयोजक फोनवर "अठरा हजार फक्त" म्हणतात, तेव्हा तुमच्या वहीत २१,२४० लिहा.

प्रदर्शन कसं निवडायचं

शक्य असेल तर ज्या प्रदर्शनात स्टॉल घ्यायचाय, तिथे आदल्या वर्षी गिऱ्हाईक म्हणून जाऊन या. आत काय आहे ते बघाच, पण बाहेर पडायच्या गेटवर अर्धा तास उभं राहा. बाहेर येणाऱ्यांच्या हातात पिशव्या किती आहेत ते मोजा. गर्दी खूप आणि हात रिकामे असतील तर लोक तिथे फिरायला आणि खायला येतात. त्याचा फायदा वडापाववाल्याला, आपल्याला नाही.

दुपारी तीनच्या सुमारास स्टॉलवाले मोकळे असतात. त्यांच्याशी बोला. "पुढच्या वर्षी परत येणार का?" एवढंच विचारा. खरं उत्तर तोंडावर दिसतं.

आयोजकांना हे प्रश्न विचारा आणि उत्तरं मेसेजवर लेखी घ्या:

- स्टॉल नेमका किती फूट बाय किती फूट? भाड्यात टेबलं, खुर्च्या, दिवे, प्लग किती?
- नकाशावर माझा स्टॉल कुठे? शेजारी काय आहे?
- माझ्यासारख्याच वस्तूंचे एकूण किती स्टॉल देणार?
- रात्री माल तिथेच ठेवायचा का? राखण कोण करतं?
- माल उतरवायची वेळ कोणती? गाडी किती जवळ येते?
- प्रदर्शन रद्द झालं किंवा मी रद्द केलं तर पैसे परत किती?

दुसरा प्रश्न मी विचारला नव्हता. एका प्रदर्शनात माझा स्टॉल निघाला जनरेटरच्या मागच्या ओळीत. धूर, आवाज, आणि शेवटच्या दिवसापर्यंत तिकडे वळणारी माणसं तुरळक. आयोजकांकडे तक्रार केली तर म्हणाले, "मॅडम, नकाशा पाठवला होता." खरंच पाठवला होता. मीच उघडून पाहिला नव्हता.

बचत गटातल्या ताईंनी महालक्ष्मी सरसची चौकशी जरूर करावी. ते बचत गटांसाठीचं प्रदर्शन आहे आणि तिथला मार्ग 'उमेद' अभियानातून जातो, तेव्हा आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या उमेद कार्यालयात आधीच विचारून ठेवा.

कॅलेंडर उघडा, पण तिथीचं

दिवाळी दर वर्षी सरकते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये अधिक महिना आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला आहे. पितृपक्ष १० ऑक्टोबरपर्यंत, ११ ला घटस्थापना, २० ला दसरा. पितृपक्षात बरीच घरं नवीन खरेदी टाळतात, त्यामुळे त्या पंधरवड्यातलं प्रदर्शन भाडं कमी आहे म्हणून घेऊ नका.

दसऱ्यानंतर दोनच शनिवार-रविवार कामाचे राहतात: २४-२५ ऑक्टोबर आणि ३१ ऑक्टोबर-१ नोव्हेंबर. दुसऱ्या जोडीत पगार हातात आलेला असतो, काहींचा बोनसही. ७-८ नोव्हेंबरला लोक घरी फराळात आणि पूजेत असतात.

मग लवकरचं प्रदर्शन वाईट का? नाही, पण तिथे माल वेगळा लागतो. ज्यांची मुलं अमेरिकेत, जर्मनीत आहेत ते फराळाचं पार्सल दिवाळीच्या तीन-चार आठवडे आधी पाठवतात. त्यांना हलकं, न फुटणारं, सपाट घडी होणारं काहीतरी त्या डब्यांसोबत टाकायचं असतं. माझा घडीचा कापडी कंदील याच गिऱ्हाइकांमुळे चालला. मातीच्या पणत्यांवाल्या ताई शेजारीच होत्या. त्यांचा माल सुंदर, पण पार्सलवाल्यांनी तो घेतला नाही.

आणि ३४ कंदिलांवरून शिकलेली गोष्ट: मालाचे दोन ढीग करा. एक, दिवाळीनंतर ज्याला कुणी विचारणार नाही असा. दुसरा, वर्षभर चालणारा. माझ्याकडे पहिल्या ढिगात आता एकूण मालाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काही नसतं. तोरणावर 'शुभ दीपावली' भरणं बंद केलं. साधं तोरण डिसेंबरात भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी किंवा दुकानातही विकता येतं.

किंमत आणि "काही कमी करा की"

पहिल्या वर्षी कंदील ३५० ला होता. माल १२०, दोन तासांची मजुरी १२०, उरले ११०. पुढच्या वर्षी ४५० केला. छातीत धडधडत होतं. काही जणी हातात घेऊन ठेवून गेल्या, हे खरं. पण ज्यांनी घेतला त्यांच्या एका कंदिलामागे ११० ऐवजी २१० उरले.

"मागच्या ओळीत असाच दोनशेला आहे," हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेलच. रागावू नका. त्यांना फरक दिसत नसतो, तो दाखवणं आपलं काम आहे. कंदील उलटा करून आतली शिवण दाखवा. "ताई, हा घडी करून ठेवा, पुढच्या वर्षी परत लावा." एवढं बोलून गप्प राहा.

घासाघीस करणाऱ्यांसाठी मी किंमत कमी करत नाही. एकीला कमी केली की शेजारी उभ्या दोघी ऐकतात. त्याऐवजी म्हणते, "किंमत तीच राहील ताई, पण दोन घेतलेत तर हा छोटा बटवा माझ्याकडून." बटव्याला उरलेल्या कापडाचे तुकडे लागतात, पण शिवायला वेळ जातो, तेव्हा त्याची मजुरीही हिशोबात धरा.

प्रत्येक वस्तूवर किंमत लिहा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. बऱ्याच जणांना किंमत विचारायचा संकोच वाटतो, ते न विचारताच पुढे जातात.

सरासरी बिल वाढवायचा माझा साधा उपाय: कंदील, तोरण आणि दोन बटवे असा संच करून समोर ठेवला. गोधडी मागे, उंचावर, दिव्याखाली. गोधडी रोज विकली जात नाही, पण तिच्यामुळे लोक थांबतात, हात लावतात, "ही कुणी शिवली?" विचारतात, आणि जाताना संच घेतात.

दुकानदारही फिरत असतात. "होलसेलला काय रेट?" विचारतात. उत्तर घरूनच ठरवून न्या. समजा तुम्ही १०० ची वस्तू त्यांना ६५ ला दिली, तर माल आणि मजुरी ६५ च होत असेल तर तुम्ही फुकट शिवताय. गडबडीत "हो" म्हणू नका. नंबर घ्या, "उद्या कळवते" म्हणा.

स्टॉलवरचे चार दिवस

इथे थोडक्यात सांगते, कारण व्हिडिओत सगळं दाखवलंय.

सुट्टे पैसे न्या, किमान तीन हजारांचे. सकाळी पहिलंच गिऱ्हाईक पाचशेची नोट घेऊन येतं आणि भवानीच सुट्ट्यांवाचून अडते. क्यूआर कोडच्या दोन प्रती ठेवा. गर्दीत नेटवर्क जातं, तेव्हा दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असू द्या. गिऱ्हाइकाच्या फोनवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, आपल्या स्पीकरवर किंवा आपल्या फोनवर रक्कम आल्याशिवाय पिशवी देऊ नका. दोन माणसं हवीतच, एकटीनं चार दिवस निघत नाहीत. आणि खुर्चीत बसून मोबाइल बघू नका. हातात सुई-दोरा घ्या, तिथेच शिवत बसा. लोक आपोआप थांबतात.

कागदपत्रांचंही बघून ठेवा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात फक्त वस्तू विकत असाल तर वर्षाला ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण गोव्याला किंवा बेळगावला, म्हणजे राज्याबाहेर प्रदर्शनाला जाणार असाल तर नियम बदलतात. सरकारनं ठरवलेल्या हस्तकलेच्या वस्तूंना सवलत आहे, त्यासाठी पॅन आणि ई-वे बिल लागतं. इतर मालासाठी प्रदर्शनाच्या किमान पाच दिवस आधी तात्पुरत्या नोंदणीचा अर्ज करावा लागतो. आपली वस्तू यादीत बसते का, ते सीएला दाखवूनच निघा.

खरी कमाई नंतर

दुसऱ्या वर्षी त्याच प्रदर्शनात गेले. भाडं वाढलं होतं, करासकट २३,६००. टेम्पो कराडच्या एका ताईंबरोबर वाटून घेतला, ३,०००. दिवे स्वतःचे नेले. आणि पहिल्यांदाच खर्चात माझी मजुरी लिहिली, दिवसाला ७००, चार दिवसांचे २,८००. एकूण खर्च ३६,४००.

विक्री झाली १,०२,००० ची. बिलं फक्त १९६, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा कमीच, पण सरासरी ५२० ची. माल ३२,६००, मजुरी २५,५००. स्टॉलचा खर्च वजा करून ७,५००, आणि नऊ कंदील परत आले त्यांचे १,०८० वजा केले. निव्वळ उरले ६,४२०.

"ताई, लाखाच्या विक्रीवर साडेसहा हजारच?" हो. मोठ्या प्रदर्शनात हे असंच असतं. पण या वेळी सगळ्यांची मजुरी देऊन उरलेले होते.

आणि माझ्या वहीत १४३ फोन नंबर होते. बिल करताना विचारायचं, "नवीन डिझाइन आलं की पाठवू का?" हो म्हणाले तरच लिहायचं. शिवाय त्यांच्याच फोनमध्ये माझा नंबर सेव्ह करायला सांगायचं, कारण व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट मेसेज ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

प्रदर्शन संपल्यावर तीन दिवसांनी एकच मेसेज पाठवला, चार फोटो आणि शेवटची तारीख. दिवाळीपर्यंत ३८,००० च्या ऑर्डर आल्या. त्यावर स्टॉलचं भाडं नाही, टेम्पो नाही. माल आणि मजुरी जाऊन साधारण १६ हजार उरले. म्हणजे चार दिवस उभं राहून जेवढं मिळालं, त्याच्या अडीचपट नंतर घरबसल्या.

म्हणून मी सांगते, मोठं प्रदर्शन तिथल्या नफ्यासाठी घेऊ नका. तिथे खर्च आणि सगळ्यांची मजुरी निघाली पाहिजे, हे बघा. नफा त्या नंबरांतून काढायचा असतो. नंबर न घेता परत आलात तर अर्धं काम तिथेच सोडून आलात.

कुणी घेऊ नये

तुमच्या गणितात २०० बिलं निघाली आणि घरात एकूण ९० वस्तू तयार होणार असतील, तर स्टॉल घेऊ नका. हातकामाला हातांचीच मर्यादा असते. कर्ज काढून भाडं भरायचं असेल तरी घेऊ नका. सोसायटीतलं, महिला मंडळातलं एक दिवसाचं प्रदर्शन घ्या. नाहीतर ओळखीच्या ताईंबरोबर अर्धा स्टॉल घ्या, पण आयोजकांना आधी विचारून. तिथे तुमचं सरासरी बिल किती ते कळेल. तो आकडा हातात आला की मोठ्या प्रदर्शनाचं गणित अंदाजावर करावं लागत नाही.

त्या दुसऱ्या दिवाळीत वसुबारसेला मी आईच्या हातात पाकीट दिलं, ११,२०० रुपये. तिनं दोनदा मोजले. म्हणाली, "एवढे कशाचे?" मी वही दाखवली: तारीख, तास, दर. ती बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, "मंगळवारचे दोन तास लिहायचे राहिलेत."

तेव्हापासून तास तीच लिहिते.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमची सगळ्यात जास्त विकली जाणारी एक वस्तू घ्या. कच्चा माल, सगळ्यांची मजुरी, विक्रीची किंमत, असे तीन आकडे लिहा. शंभरातले किती उरतात ते काढा. मग ज्या प्रदर्शनाचा विचार करताय त्याचा पूर्ण खर्च मांडा आणि दर किती मिनिटांना एक बिल लागेल ते बघा. एवढं झाल्याशिवाय आयोजकांना पैसे पाठवायचे नाहीत. कितीही वेळा म्हणू देत की "शेवटचे दोनच स्टॉल राहिलेत मॅडम!"

भेटूया पुढच्या व्हिडिओत. काळजी घ्या, हिशोब ठेवा.